पहाटे साडेपाचचा कादंबरीकार

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लिहिण्यात एका दिवसाचाही खाडा पडू देऊ नये, हा उपदेश आपण समर्थ रामदासांच्या नावाने लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेच्या फळ्यावर तो सुविचार म्हणून लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुसलाही जातो. १ जानेवारीला हौसेने डायरी लिहायला घेणारे आपल्यापैकी कितीतरी जण संक्रांतीपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. मग आपण स्वतःची समजूत घालतो, की लेखन हा प्रतिभेचा प्रांत, तिथे वेळापत्रक चालत नाही. आज ज्या लेखकाविषयी मी बोलणार आहे त्याला ही समजूत साफ नामंजूर होती. तो सरकारी नोकर होता, टपालखात्यात होता, आणि ती नोकरी तीसेक वर्षे करता करता त्याने कादंबऱ्यांचा ढीग लावला. आयुष्यभरात एकूण ४७ कादंबऱ्या. त्याचे नाव अँथनी ट्रॉलप. जन्म लंडनचा, १८१५ सालचा.

त्याची पद्धत आधी सांगतो, कारण ती ऐकली की पहिल्यांदा हसूच येते. १८५९ च्या सुमारास तो लंडनजवळ वॉल्थम क्रॉसला राहायला गेला. तिथे त्याच्याकडे एक म्हातारा मोतद्दार होता. भल्या पहाटे मालकाला उठवायचे आणि गरम कॉफी आणून द्यायची, या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळत. साडेपाचला ट्रॉलप टेबलाशी बसलेला असे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई. मोठ्याने, कानाला कसा लागतो ते पाहत. मग घड्याळ समोर ठेवून लेखन सुरू. दर पाव तासाला २५० शब्द. नाश्त्याच्या वेळेपर्यंत तीन तास भरलेले असत आणि मग स्वारी कपडे करून कचेरीला जायला मोकळी.

याशिवाय एक वही असे. नवी कादंबरी हाती घेतली की तो तिच्यासाठी आठवड्यांचे रकाने आखी आणि रोज किती पाने झाली ते भरी. पान म्हणजे नेमके काय, यावर वाद नको म्हणून पानाचे शब्द २५० ठरवलेले, आणि शब्द मोजलेले. सरासरी आठवड्याला ४० पाने. कधी २० वर घसरे, कधी ११२ पर्यंतही जाई. एखादा आठवडा कोरा गेला तर तो कोरा रकाना दिवसेंदिवस डोळ्यांत सलत राही. आपल्याकडच्या वाण्याच्या खतावणीची आठवण व्हावी असा हा कारभार.

आता कोणी म्हणेल, जन्मजातच शिस्तीचा माणूस असणार. तसे मुळीच नव्हते. १८३४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तो वर्षाला ९० पौंडांवर लंडनच्या मुख्य टपालकचेरीत कारकून म्हणून लागला. तिथे त्याचा लौकिक होता तो उशिरा येण्याबद्दल. डोक्यावर कर्ज होते, वरिष्ठांची बोलणी रोजची होती आणि आज नोकरी जाते की उद्या, अशी अवस्था होती. सात वर्षे अशी गेल्यावर १८४१ मध्ये आयर्लंडमधली कोणाला फारशी नको असलेली जागा त्याने मागून घेतली, आणि तिथे माणूस बदलला. कामात चोख झाला. १८४४ मध्ये लग्न केले. १८४७ मध्ये पहिली कादंबरी आली, पण तिने त्याला एक छदामही दिला नाही. तिसऱ्या कादंबरीचे २० पौंड मिळाले. तेव्हा लिहिण्याची सवय पैशाने लागली, असे निदान या काळाबद्दल तरी म्हणता येत नाही.

मग लागली कुठून? माझ्या मते त्याचे उत्तर त्याच्या घरात आहे.

वडील वकील, पण तापट आणि डोकेदुखीने पिडलेले. वकिली बुडाली, मग शेती केली, तीही बुडाली. आई फ्रान्सिस हिंमतीची. १८२७ मध्ये तिने अमेरिका गाठली आणि सिनसिनाटी गावात विक्रीचे एक मोठे दालन उभारले. तेही बुडाले. १८३१ मध्ये ती रिकाम्या हाताने परत आली आणि पुढच्या वर्षी अमेरिकन लोकांच्या रीतिभातींवर तिचे पुस्तक निघाले. त्या वेळी तिचे वय पन्नाशीच्या पुढे होते. पुस्तक गाजले. पण कर्ज इतके होते की १८३४ मध्ये सावकारांना चुकवून कुटुंबाला बेल्जियममधल्या ब्रुझ गावी पळावे लागले. तिथे एक मुलगा क्षयाने अंथरुणाला खिळला आणि नवराही खचत चालला. घरात मिळवते माणूस एकच, ही आई. ती पहाटे चारला उठे. औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत घरात शेजारी शेजारी असत. रोग्याची सेवा करायची, तो झोपला की हलक्याफुलक्या कादंबरीचे पान पुढे न्यायचे, कारण प्रकाशकाकडून येणाऱ्या पैशावरच डॉक्टर आणि भाकरी दोन्ही अवलंबून. मुलगा त्याच वर्षी डिसेंबरात गेला, नवरा पुढच्या वर्षी. तिच्या हातून शेवटी शंभरावर खंड लिहून झाले. ती पुस्तके आज फारसे कोणी वाचत नाही. पण ट्रॉलपने घड्याळ लावून लिहिण्याचा धडा कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता, तो त्याने या घरात पाहिला होता.

इथे वडिलांनाही विसरू नये. तेही आजारपणात टेबलाशी बसत आणि ख्रिस्ती धर्मसंस्थेविषयीचा एक कोश लिहीत. चिकाटी बायकोपेक्षा कमी नव्हती. तो कोश मृत्यूपर्यंत पुरा झाला नाही आणि झालेल्या भागालाही वाचक मिळाला नाही. रोज लिहिले की सगळे साधते, असे सांगणाऱ्यांनी या माणसाकडेही एकदा पाहावे.

दुसरी गोष्ट ट्रॉलपच्या शाळेची. गरीब घरचा, श्रीमंतांच्या शाळेत नादारीवर शिकणारा मुलगा. रोज मैलोन्‌मैल चिखलातून चालत येणारा. कोणी खेळायला घेत नसे. मग तो मनातल्या मनात गोष्ट रचू लागला. आपण सारेच लहानपणी असे मनोराज्य करतो, पण याची तऱ्हा निराळी होती. एकच गोष्ट आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने, वर्ष उलटले तरी चालू. नायक अर्थात स्वतःच. पण अशक्य काही घडवायचे नाही, हा त्याने स्वतःला घालून दिलेला नियम. राजा व्हायचे नाही. कालच्या प्रसंगाला आजचा प्रसंग जुळला पाहिजे. पुढे त्याने लिहून ठेवले आहे, की हा धोकादायक छंद नसता तर आपण कादंबरी लिहिलीच नसती. म्हणजे कागदावर पहिले पान उतरण्याच्या कितीतरी आधीपासून त्याचा रोजचा रियाज सुरू होता. घड्याळ आणि वही नंतर आली. त्या दोहोंनी दिवसभर मनात साठलेले पहाटे उतरवून घेण्याचे काम केले, एवढेच. लोकांनी मात्र घड्याळच तेवढे लक्षात ठेवले.

नोकरीने त्याला फिरवले भरपूर. १८५१ पासून सुमारे दोन वर्षे त्याने नैर्ऋत्य इंग्लंडची खेडी घोड्यावरून पालथी घातली. कुठल्या पोस्टमनने कुठल्या वाटेने जावे, घरोघर पत्र कसे पोचेल, हे ठरवायचे काम होते. तिथली देवळे, पाद्री, त्यांच्या बायका, जमीनदार हे सगळे त्याच्या बार्सेटशर या काल्पनिक परगण्यात जाऊन बसले. रस्त्यावर टपालपेट्या उभारायची कल्पना सरकारदरबारी मांडणाराही हाच. १८५२ मध्ये जर्सी बेटावर त्या प्रथम लागल्या. पुढे प्रवास रेल्वेने होऊ लागला, तेव्हा त्याने मांडीवर ठेवायची लहानशी फळी करून घेतली आणि डब्यात पेन्सिलीने लिहू लागला. समोर चार-पाच अनोळखी प्रवासी बघत असताना लिहायचे, याचा त्याला आधी संकोच वाटे. नंतर तो गेला. पेन्सिलीचा मजकूर बायको रोझ शाईने उतरवून काढी. १८५७ च्या ‘बार्चेस्टर टॉवर्स’ या गाजलेल्या कादंबरीचा बराच भाग असा झाला.

१८५८ मध्ये त्याला इजिप्तला धाडले. हे काम आपल्याशी संबंधित होते. सुएझचा कालवा व्हायला अजून ११ वर्षे होती. विलायतेहून हिंदुस्थानची डाक अलेक्झांड्रियाला उतरे, इजिप्त ओलांडून सुएझला जाई आणि तिथून पुन्हा जहाजाने निघे. ही डाक रेल्वेने चोवीस तासांत पार झाली पाहिजे, असा ट्रॉलपचा आग्रह. इजिप्तचे अधिकारी नुबार बे अठ्ठेचाळीस तास मागत होते. ट्रॉलप हटला नाही. जाताना समुद्र खवळलेला. तरी रोजची ठरलेली पाने चालूच होती, आणि मधूनच टेबलावर कागद टाकून ओकारी काढायला खोलीत पळावे लागे. त्या प्रवासात ‘डॉक्टर थॉर्न’ संपली आणि दुसऱ्या दिवशी ‘द बर्ट्रम्स’ सुरू झाली. मोची एक जोडा संपवून दुसरा हाती घेतो तसे हे, असे तो म्हणे. १८७१ मध्ये मुलाला भेटायला ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा केबिनमध्ये मेज बसवून घेतले आणि मेलबर्न येईपर्यंत आठ आठवड्यांत एक आख्खी कादंबरी लिहून मोकळा झाला.

मासिकातून क्रमशः छापायची गोष्टसुद्धा आधी पुरी लिहून झालेली असावी, हा त्याचा दंडक. १८६० मध्ये थॅकरे संपादक असलेल्या ‘कॉर्नहिल’साठी तो त्याने मोडला, कारण वेळच नव्हता आणि मोबदला १,००० पौंड होता. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांचे बरोबर उलटे. १८९० मध्ये त्यांनी पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ सारखी कादंबरी आठवड्याच्या हप्त्याहप्त्याने लिहिली. आनंदाश्रमाची व्यवस्था, नगरपालिकेचे काम हे सगळे सांभाळून दर आठवड्याला छापखान्याला मजकूर द्यायचा. ही त्यांची शिस्त बाहेरून लादलेली होती, म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही. यमू त्या हप्त्यांतूनच आपल्याला भेटली. मात्र हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हेही खरे.

पाने मोजणाऱ्याची पात्रे निर्जीव असतील, असे वाटणाऱ्यांसाठी एक हकिगत. लंडनच्या अथेनियम क्लबात ट्रॉलप लिहीत बसला होता. जवळच दोन पाद्री बोलत होते, की हा लेखक तीच ती पात्रे पुन्हा आणतो, विशेषतः ती बिशपची कजाग बायको, मिसेस प्राउडी. ट्रॉलप उठला, तो लेखक मीच असे त्याने सांगितले आणि आठवड्याच्या आत तिला मारतो, असा शब्द दिला. १८६७ च्या ‘लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’मध्ये ती मेलीही. पण त्याचे दुःख त्याला पुढे बरीच वर्षे होत राहिले. तिच्या सहवासात तो इतका राहिला होता.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते त्याने स्वतःच सांगितले म्हणून. १८७५-७६ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले आणि आपल्या मागे छापावे म्हणून मुलाकडे सोपवले. त्यात पाव तासाचे २५० शब्द आहेत, मोची आहे, आणि पुस्तकांच्या एकूण कमाईचा हिशेबही आहे: ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि रसिक मंडळींनी नाके मुरडली. त्याचे नाव मागे पडायला हे पुस्तक कारण झाले, असे पुष्कळ वर्षे सांगितले जाई. मला ते पुरते पटत नाही; वाङ्मयाची आवड तेव्हा बदलतच होती. पण संतापाचे मूळ कळते. कलावंताने कष्ट केलेले आपल्याला चालतात, त्याने ते मोजलेले चालत नाहीत.

अखेरच्या वर्षांत हाताला लिहिणे झेपेना, म्हणून तो बायकोच्या भाचीला मजकूर सांगे. आयर्लंडवरच्या शेवटच्या कादंबरीचे प्रकाशन, दंडक पुन्हा मोडून, ती पुरी होण्याआधीच एका साप्ताहिकात सुरू झाले. नोव्हेंबर १८८२ मध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला आणि ६ डिसेंबरला तो गेला. ‘द लँडलीगर्स’ नावाची ती कादंबरी ६० प्रकरणांची व्हायची होती. ४९ व्या प्रकरणापाशी ती थांबली आहे. मुलाने शेवटी एक टीप जोडून, वडिलांच्या मनात पुढे काय होते त्यातले जेवढे त्याला माहीत होते, तेवढे सांगितले आहे.