किल्ली कोणाच्या हाती?

कुलूप किती मजबूत आहे असे लोक विचारतात. किल्ली कोणापाशी आहे हे विचारावयाचे राहून जाते. युनियनची तिजोरी सांभाळणाऱ्या आम्हां मंडळींस हा दुसरा प्रश्नच मोठा वाटतो. ई-मेलच्या सर्व्हरचा इतिहासही तेच सांगतो.

१९८२ साली ई-मेल पोहोचविण्याचे नियम ठरले, तेव्हा पत्र पोस्टकार्डासारखे उघडेच जात असे. १९९९ साली ही वाट गुप्तलिपीने झाकण्याची सोय नियमांत आली. त्यासाठी सर्व्हरला दोन किल्ल्या लागतात; एक जाहीर, दुसरी खाजगी. खाजगी किल्ली 'कीस्टोअर' नावाच्या फायलीत पासवर्ड लावून ठेवतात. परंतु यंत्र अपरात्रीही आपोआप सुरू व्हावे म्हणून तो पासवर्ड पुष्कळदा त्याच यंत्रावरील दुसऱ्या फायलीत लिहिलेला असतो. म्हणजे तिजोरीला कुलूप आणि किल्ली शेजारच्या खुंटीवर!

समजा, पासवर्ड नीट जपला. तरी पेटीच्या धन्यावरच दडपण आले तर? अमेरिकेत टेक्सास राज्यात लाडार लेव्हिसन यांनी २००४ साली 'लाव्हाबिट' ही ई-मेल सेवा काढली. पैसे भरणाऱ्या ग्राहकाची साठविलेली पत्रे त्याच्याच पासवर्डाने बंद होत. पण तो पासवर्ड ज्या वाटेने सर्व्हरकडे येई, त्या वाटेची किल्ली लेव्हिसन यांच्यापाशी होती. २०१३ साली एका खात्याच्या तपासासाठी सरकारने तीच किल्ली मागितली. ग्राहक होते सुमारे ४ लाख. लेव्हिसन यांनी किल्ली ४ पॉइंट टाइपात ११ पानांवर छापून दिली. ती वाचता येईना. न्यायालयाने रोज ५,००० डॉलर दंड बसविला. अखेर त्यांनी किल्ली दिली आणि ८ ऑगस्ट रोजी सेवाच बंद केली.

या प्रकरणाने एक गोष्ट उघड झाली. जुन्या पद्धतीत कायमची किल्ली हाती आली की पूर्वी टिपून ठेवलेली वाहतूकही उलगडता येई. प्रत्येक भेटीसाठी नवी किल्ली बनवून काम होताच ती टाकून द्यावयाची, ही युक्ती डिफी व हेलमन यांच्या १९७६ च्या शोधातून निघाली होती. २०१८ च्या 'टीएलएस १.३' या नियमावलीने किल्ल्यांच्या देवघेवीची ती जुनी पद्धत काढून टाकली.

तथापि ही झाली वाटेची राखण. पत्र सर्व्हरवर पोहोचल्यावर तेथील कारभारी ते वाचू शकतोच. नव्या कारखान्यात युनियन बांधताना सभासदांची यादी आज ई-मेलने जाते. ती मालकाच्या हाती पडली तर पहिली गदा कोणावर येते, हे कामगारास सांगावे लागत नाही. फिल झिमरमन यांनी १९९१ साली 'पीजीपी' हा प्रोग्राम लोकांस दिला. त्यात खाजगी किल्ली सर्व्हरपाशी नसून पत्र घेणाऱ्याच्याच हाती राहते. तो वापरावयास थोडा जिकिरीचा आहे हे खरे. पण सभासदांची यादी धाडताना तेवढी जिकीर सोसलीच पाहिजे, असे आम्हांस वाटते.