मोटारीचा प्लग : एका ठिणगीचा इतिहास

जुनी मोटार बाळगणारा गृहस्थ प्लग घेण्यासाठीं दुकानांत जातो, तेव्हां त्याच्यापुढें एकाच मापाचे व एकाच घडणीचे दिसणारे चार-पांच प्लग मांडले जातात. आटे सर्वांचे जुळतात आणि ठिणगीहि सर्वांतून पडते. तरीसुद्धां त्यांतला एक त्या एंजिनाला मानवतो. दुसरा थोड्याच दिवसांत काजळीनें माखून बंद पडतो. आणि तिसरा, लांबच्या घाटाच्या चढणीवर, पिस्टनच्या माथ्याला भोंक पडण्यास कारण होऊं शकतो. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या वस्तूंत एवढें अंतर कां पडावें, याचें उत्तर प्लगच्या इतिहासांत आहे.

एंजिनांत विजेची ठिणगी पाडण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. एतियेन लेन्वार यानें १८६० सालीं पॅरिस येथें गॅसवर चालणारें एंजिन सिद्ध केलें, त्यांत वायू पेटविण्याचें काम विजेच्या ठिणगीकडेच होतें. पुढच्या संशोधकांनीं मात्र वेगळी वाट धरली. निकोलाउस ऑटो याच्या १८७६ च्या प्रसिद्ध एंजिनांत ज्योतीनें इंधन पेटविलें जाई, आणि गोट्लीब डाइमलर यानें बाहेरून तापविलेली नळी त्या कामीं लाविली. पण तापलेल्या नळीला वेळेचें भान नसतें. एंजिन मंद चालो वा जलद, स्फोट नेमक्या क्षणीं घडवून आणणें तिला साधत नाहीं. कार्ल बेंझ यानें १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडींत पुन्हां विजेची कांस धरली ती यामुळेंच.

खरी अडचण सुटली ती १९०२ सालीं, श्टुटगार्ट येथील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत. त्यापूर्वींच्या मॅग्नेटोंतील विजेचा दाब कमी असे. म्हणून सिलिंडरच्या आंत दोन टोंकें जुळवून मग तीं एकमेकांपासून दूर ओढावीं लागत, आणि विलग होतांना ठिणगी पडे. हे हलते भाग धगीनें झिजत व अडकत. बॉश यांचे सहकारी गोट्लोप होनोल्ड यांनीं विजेचा दाब इतका वाढविला कीं दोन स्थिर टोंकांमधील फट ती आपोआप ओलांडूं लागली. लोखंडी खोबणींत बसविलेला रोधक, त्याच्या मधून गेलेली तार आणि बाजूला वांकविलेलें दुसरें टोंक, हें प्लगचें रूप तेव्हांपासून मूलतः बदललेलें नाहीं.

रेडिओच्या श्रोत्यांना या इतिहासांतील एक नातें विशेष वाटेल. सर ऑलिव्हर लॉज यांनीं १८९४ सालीं ऑक्सफर्ड येथें बिनतारी संदेशाचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. त्यांच्याच पुत्रांनीं इंग्लंडांत पुढें ‘लॉज’ या नांवानें प्लगचा कारखाना नांवारूपास आणला. आरंभींचे बिनतारी प्रेषक ठिणगीवरच चालत. त्या अर्थानें मोटारीचा प्रत्येक प्लग हा एक चिमुकला प्रेषकच असतो, आणि जवळून मोटार जातांना रेडिओंत उठणारी खरखर ही त्याचीच साक्ष होय. हा उपद्रव टाळण्यासाठींच पुढें रोध बसविलेले प्लग निघाले.

ठिणगीचा प्रश्न सुटला, पण उष्णतेचा प्रश्न उभा राहिला. सिलिंडरांत शिरलेलें प्लगचें टोंक सुमारें पांचशें अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें तरच त्यावर बसणारी काजळी जळून जाते. काजळी साचली कीं वीज फट ओलांडण्याऐवजीं काजळीवरूनच वाहून जाते. उलट तेंच टोंक साडेआठशें-नऊशें अंशांपलीकडे गेलें तर तें निखाऱ्यासारखें होऊन ठिणगीच्या आधींच इंधन पेटवितें, आणि वर येणाऱ्या पिस्टनवर अवेळीं आघात होतो. या दोन मर्यादांच्या आंत टोंक राखणें ही प्लगची खरी कसोटी. रोधकाचें नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडण्याची वाट लांबते व टोंक तापलेलें राहतें. हा ‘गरम’ प्लग. नाक आंखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. हा ‘थंड’ प्लग. सावकाश चालणाऱ्या, कमी दाबाच्या एंजिनाला गरम प्लग योग्य, तर जलद व जास्त दाबाच्या एंजिनाला थंड. येथें गरम व थंड हे शब्द ठिणगीविषयीं नसून टोंकाविषयीं आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

रोधक कशाचा करावा, यावरहि बराच काळ खटपट चालली. चिनी मातीचा रोधक शर्यतीच्या एंजिनांत तडकत असे. इंग्लंडांतील केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूनें अभ्रकाचे प्लग तयार केले. ते त्याच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘के. एल. जी.’ म्हणून ओळखले गेले. १९२२ सालीं ब्रुकलँड्स येथें ताशीं सुमारें १३४ मैलांचा वेगाचा उच्चांक याच गिनेसनें केला. परंतु १९२३ पासून अमेरिकेंत शिसेंयुक्त पेट्रोल विक्रीस आलें आणि लवकरच तें इतरत्र पसरलें. शिशाच्या संयुगांपुढें अभ्रक टिकेना. तेव्हां १९३० नंतरच्या दशकांत ॲल्युमिनियम ऑक्साइडची भाजलेली भुकटी, म्हणजे कुरुंद व माणिक ज्या द्रव्याचे बनलेले असतात तेंच द्रव्य, रोधकासाठीं पुढें आलें, आणि तेंच कायम झालें. इंधन पालटलें म्हणून प्लग पालटला, हा या हकीकतींतला ध्यानांत ठेवण्यासारखा भाग आहे.

मापांचाहि असाच इतिहास आहे. १९०८ ते १९२७ या काळांत निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडीला अर्ध्या इंची नळाचे निमुळते आटे असलेला प्लग लागे. पुढें १८ मिलिमीटरचें व नंतर १४ मिलिमीटरचें माप रूढ झालें. पण १४ मिलिमीटरच्या प्लगांतहि आट्यांची लांबी कांहींची अर्धा इंच, तर कांहींची पाऊण इंच असते. आंखूड आट्यांच्या जागीं लांब प्लग बसविल्यास तो पिस्टनवर वा झडपेवर आदळण्याचा संभव असतो. उलट केल्यास ठिणगी खळग्यांत पडते आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी घट्ट बसते.

जुन्या गाडीच्या मालकाला सर्वांत फसविणारी गोष्ट म्हणजे प्लगवरील आंकडे. एन. जी. के. या जपानी कंपनीच्या प्लगांत आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चँपियनच्या प्लगांत साधारणतः आंकडा मोठा तितका प्लग गरम. बॉशनें तर स्वतःचीच रीत उलटी केली: जुन्या पद्धतींत २२५ हा १७५ हून थंड असे, नव्या पद्धतींत ५ हा ७ हून थंड असतो. गाडीसोबतच्या जुन्या पुस्तकांत १७५ छापलेलें असेल तर त्याच्या जागीं ७ घ्यावा लागतो. तेव्हां केवळ आंकडा पाहून एका कंपनीचा प्लग दुसऱ्या कंपनीच्या प्लगाऐवजीं घेणें धोक्याचें. दोहोंचा मेळ दाखविणारा तक्ता पाहिल्यावांचून खरेदी करूं नये.

पुस्तकांतील आंकडाहि त्या काळच्या पेट्रोलला धरून दिलेला असतो. मुंबईंत कुर्ला येथें प्रीमियर कंपनीनें १९६४ पासून फियाटची जी ‘डिलाइट’ गाडी बांधली व १९७४ मध्यें जिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें, ती शिसेंयुक्त पेट्रोलच्या काळांत जन्मली. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर पेट्रोलमधून शिसें गेलें, आणि २०२५ पर्यंत त्यांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण अंमलांत आलें. इथेनॉलमुळें जुन्या कार्ब्युरेटरचें मिश्रण विरळ होतें आणि प्लगच्या टोंकाचा रंग पूर्वींपेक्षां फिकट दिसतो. असा फिका रंग पाहून कार्ब्युरेटर तपासण्यापूर्वींच प्लग बदलणें म्हणजे रोग एक आणि औषध दुसरें.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें अस्तंगत झाली. खाजगी गाड्या मात्र हौशी घरांतून जपलेल्या आहेत. अशा गाडीसाठीं महागडा वा नव्या धातूचा प्लगच हवा असें नाहीं. आधीं आट्यांचें माप व लांबी जुळवावी, मग पुस्तकांतील उष्णतेची पायरी तक्त्यावरून निश्चित करावी, आणि फट पुस्तकांत दिल्याप्रमाणें ठेवावी. नंतर गाडी नेहमींच्या वेगानें पुरेशी चालवून प्लग काढून पाहावेत. नाकावर कोरडी काळी काजळी असेल व मिश्रण ठीक असेल, तर एक पायरी गरम. नाक पांढरेंफटक असून टोंकें वितळल्यासारखीं दिसत असतील, तर मिश्रण व ठिणगीची वेळ तपासून मगच एक पायरी थंड. चारही प्लग सारखे दिसले तर निवड बरोबर आहे. एकच वेगळा दिसला तर दोष प्लगाचा नसून बहुधा त्या सिलिंडरचा आहे, आणि मिस्त्रीला तोच प्रथम दाखवावा.