गटापर्चा: समुद्रतळावरील तारा आणि रेणूंचा आकार

१/१०
फेब्रुवारी १८७०. त्या काळातील जगातील सर्वांत मोठे जहाज ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईहून एडनच्या दिशेने तारायंत्राची केबल समुद्रतळावर सोडत निघाले. त्याच वर्षी मुंबई समुद्री तारांच्या साखळीने इंग्लंडशी जोडली गेली. खाऱ्या पाण्यात ही तार टिकली, ती मलायातील एका झाडाच्या चिकामुळे. त्या चिकाचा हा इतिहास. #थ्रेड

२/१०
वीज वाहून नेण्यास तांबे समर्थ होते. अडचण होती ती आवरणाची. विल्यम ओशॉनेसी याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ हुगळीच्या पात्रातून तार टाकून पाहिली, ती डांबर लावलेल्या सुताच्या वेष्टनात. खोल समुद्रासाठी असे वेष्टन अपुरे होते. कच्चे रबर उष्णतेने चिकट होई आणि कालांतराने कुजे.

३/१०
मलायातील लोकांना मात्र ‘गेटा पर्चा’ हा चीक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. गरम पाण्यात तो मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि थंड होताच लाकडासारखा कठीण होतो. ते त्याच्या कोयत्याच्या मुठी करीत. सिंगापूरमधील शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी याने १८४३ च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला धाडले.

४/१०
१८४८ मध्ये मायकेल फॅरेडेने हा पदार्थ उत्तम वीजरोधक असल्याचे दाखवून दिले. जर्मनीत वेर्नर सीमेन्सने तारेवर त्याचा अखंड थर चढवणारे यंत्र सिद्ध केले. १८५१ मध्ये डोव्हर आणि कॅले यांना जोडणारी तार याच आवरणात इंग्लिश खाडी ओलांडून गेली.

५/१०
येथे एक कोडे आहे. रबर आणि गटापर्चा यांची घटकद्रव्ये तंतोतंत सारखी आहेत. पाच कार्बन व आठ हायड्रोजन अणूंचा ‘आयसोप्रीन’ हा एकच दुवा हजारो वेळा जोडला जाऊन दोहोंच्या साखळ्या बनतात. मग एक ताणला जातो आणि दुसरा कठीण राहतो, हे कसे?

६/१०
उत्तर आकारात आहे. रबराच्या प्रत्येक दुव्यात साखळी दुहेरी बंधाच्या एकाच बाजूने पुढे जाते, म्हणून तिला वाक पडतो; सुतळीचा गुंता व्हावा तशा या साखळ्या विस्कळीत राहतात. गटापर्चात ती विरुद्ध बाजूंनी जाते, म्हणून बरीच सरळ राहते. मोळीतील काटक्यांप्रमाणे या साखळ्या एकमेकींना बिलगून बसतात.

७/१०
जवळ आलेल्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण असते. एका ठिकाणी ते नगण्य, पण हजारो ठिकाणी मिळून पदार्थ कठीण करण्याइतके प्रबळ. गरम पाण्यात रेणूंची हालचाल वाढून ही रचना मोडते. निवल्यावर ती पुन्हा जुळते. मलायी कारागिराच्या हाती घडत होते ते हेच.

८/१०
दुसरा गुण अध्रुवीयतेचा. केवळ कार्बन व हायड्रोजनच्या या साखळ्यांत विद्युतभार असमान विभागलेला नसतो. पाण्याचा रेणू मात्र ध्रुवीय. त्यामुळे पाणी या आवरणात सहजी शिरत नाही, आणि मोकळे विद्युतभार नसल्याने वीजही बाहेर निसटत नाही. समुद्रतळावरील थंडी व दाब यांत तर गटापर्चा अधिकच टिकाऊ ठरला.

९/१०
हे स्पष्टीकरण फार उशिरा आले. दीर्घ साखळ्यांची कल्पना हेर्मान श्टाउडिंगरने १९२० मध्ये मांडली. अध्रुवीय रेणूंमधील आकर्षणाचा उलगडा फ्रिट्झ लंडनने १९३० मध्ये केला. तोवर जंगलांनी किंमत मोजली होती. चिकासाठी झाड तोडले जाई आणि एका झाडातून जेमतेम किलोभर, बहुधा त्याहूनही कमी, चीक मिळे. १८५७ च्या अटलांटिक केबललाच सुमारे ३०० टन लागला. सिंगापूर बेटावरून ही झाडे काही वर्षांतच जवळजवळ नाहीशी झाली. मग कुऱ्हाड मलाया, सुमात्रा, बोर्निओकडे वळली.

१०/१०
१९३३ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिथीनचा शोध लागला. त्याच्याही साखळ्या बऱ्याच सरळ, अध्रुवीय, परस्परांना बिलगणाऱ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्री तारांवरील गटापर्चाची जागा त्याने घेतली. आज गटापर्चा मुख्यत्वे उरला आहे तो दंतवैद्याकडे, रूट कॅनालमध्ये दाताची पोकळी भरण्यासाठी. तारायंत्राच्या इतिहासात फॅरेडे व सीमेन्स यांची नावे आहेत. हा गुण प्रथम ओळखणाऱ्या मलायी हातांची नावे मात्र कोणी नोंदवली नाहीत.