निलांबूरचा साग आणि पानं खाणारी अळी

तर मंडळी, इंग्रजांच्या युद्धनौका मुंबईच्या गोदीत बांधल्या जायच्या आणि त्यासाठी सागवान यायचं मलबारहून. तिकडचं जंगल तोडून तोडून विरळ झालं, तेव्हा कलेक्टर कॉनोलीनं १८४०च्या दशकात केरळमधल्या निलांबूरला साग लावायचं ठरवलं. प्रत्यक्षात ही लागवड उभी केली चाथू मेनन यांनी. प्लॉटला नाव मात्र कॉनोलीचं! असो.

आता, नजर पोचेल तिथवर एकाच जातीची झाडं म्हणजे अळीला आयतं ताट. पावसाळ्याच्या तोंडाला कोवळी पालवी फुटते, पतंग अंडी घालतात आणि बघता बघता पानांच्या फक्त जाड शिरा उरतात. पण झाड मरत नाही, पुन्हा पालवतं. म्हणून कित्येक वर्षं वाटत राहिलं, यात नुकसान ते काय?

१९८०च्या दशकात केरळ वन संशोधन संस्थेनं मोजून बघितलं. अळीपासून वाचवलेल्या कोवळ्या सागात दर वर्षी हेक्टरी ६.७ घनमीटर लाकूड वाढलं, न वाचवलेल्यात ३.७. म्हणजे ४४ टक्के वाढ अळीच्या पोटात! पुढे याच संस्थेनं फवारणी तयार केली, तीही या अळीलाच मारणाऱ्या एका विषाणूची.