तुर्कस्तानमार्गे आलेले खानदेशी तेल

नवी मुंबईतील घरांत डिफ्यूझरमध्ये, म्हणजे पाण्याच्या तुषारांबरोबर सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात, जी तेले थेंबाथेंबाने घातली जातात, त्यांपैकी ‘पामारोझा’ हे नाव विलायती वाटत असले, तरी ते तेल खानदेशाच्या डोंगरउतारांवर माजणाऱ्या रोशा गवताचे, आयुर्वेदातील रोहिषाचे, आहे. सुगंधोपचाराला ‘अरोमाथेरपी’ म्हणणारे गॅटफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाचे पुस्तक १९३७ साली निघाले. रोशाच्या तेलाचा व्यापार त्याआधीचा आहे, आणि बाटलीत नेमके काय आहे ते आधी ओळखावे, हा घरगुती वापराचा पहिला नियम त्याच व्यापारातील लबाडीने शिकवला आहे.

नंदुरबार-तळोदे भागात या तेलाच्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत. फुलोऱ्यावर आलेले गवत लोखंडी हंड्यात पाण्यासह उकळत, वाफ बांबूच्या नळीने वाहत्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरवत आणि निवलेल्या पाण्यावर तरंगणारे तेल काढून घेत. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तेथे ते लिंबाच्या रसाबरोबर घुसळून उन्हात ठेवत, त्यामुळे त्याचा रंग फिका पडे आणि उग्रपणा मोडे. मग ते ऊर्ध्वपातनापूर्वी गुलाबपाकळ्यांवर शिंपडत किंवा थेट गुलाबाच्या अत्तरात मिसळत. ही भेसळ नाकाला कळणे अवघड होते, कारण जिरेनिऑल नावाचे सुगंधी अल्कोहोल दोन्ही तेलांत मुख्य घटकांपैकी एक असते. अस्सल गुलाबतेल त्यातील मेणासारख्या अंशामुळे थंडीत गोठते आणि भेसळीने ते गोठणे मंदावते, ही कसोटी खरेदीदारांनी शोधली, तेव्हा विक्रेत्यांनी देवमाशाच्या डोक्यातील मेणही त्यात घालून ती निकामी केली.

खरे कोडे पुढेच आहे. हेच तेल युरोपात ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणून विकले जाई, जरी ते तुर्की नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते. एक पक्ष म्हणतो, ही उघड फसवणूक होती. परंतु गुलाब म्हणून खपवता येणारा माल जिरेनियमसारख्या स्वस्त नावाने विकण्यात कोणती हुशारी? दुसरा पक्ष वाससाम्याकडे बोट दाखवतो, आणि जिरेनियमच्या तेलातही जिरेनिऑल असल्याने त्यात तथ्य आहे; पण एवढ्याने ‘तुर्की’ अडत्यांनी हेच झाड का निवडले, ते उलगडत नाही. अधिक पटणारा तर्क असा की, तुर्की भाषेत ‘इतिर’ म्हणजे सुगंध, मराठी ‘अत्तरा’चाच अरबी भाऊबंद, आणि तोच शब्द सुवासिक पानांच्या जिरेनियमलाही लागतो, तेव्हा ‘सुगंधी तेल’ एवढेच सांगणाऱ्या चिठ्ठीतून युरोपीय दलालाने झाड वाचले असावे. पुढे १८७१ साली जेकबसन या जर्मन रसायनज्ञाने याच तथाकथित भारतीय जिरेनियम तेलातून ते अल्कोहोल वेगळे केले, आणि गवतातून निघालेल्या पदार्थाच्या माथी जिरेनियमचे नाव कायमचे बसले.

नावांचा हा गोंधळ घरातल्या कपाटापर्यंत पोचतो. रोशाच्या ‘मोतिया’ जातीत जिरेनिऑल भरपूर असते, तर ‘सोफिया’ जातीचे तेल घटकांनी वेगळे असते, पण गवत दिसायला सारखेच. म्हणून बाटलीवर ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’ हे शास्त्रीय नाव आणि जात छापलेली असणे ही हौस नव्हे, गरज आहे. अस्सलपणा म्हणजे निर्धोकपणा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे लागते: युरोपीय संघाने २००३ साली ज्या २६ सुगंधी घटकांची नावे ठरावीक प्रमाणापुढे प्रसाधनांवर छापणे बंधनकारक केले, त्यांत जिरेनिऑल आहे, कारण ते काहींच्या त्वचेला बाधते. त्यामुळे तेल नुसते अंगाला लावू नये. ३० मिलिलिटर खोबरेल वा तिळाच्या तेलात सुमारे ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, घेऊन ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. ते पोटात घेऊ नये, डिफ्यूझर खिडकी उघडी ठेवून थोडा वेळच चालवावा आणि तान्ह्या बाळाच्या खोलीत लावू नये. हवा, ऊन व उष्णता यांनी तेल जुने होते आणि जुने तेल त्वचेला अधिक त्रास देते, म्हणून गडद काचेची बाटली घट्ट बुचाने बंद करून थंड जागी ठेवावी व तिच्यावर उघडल्याची तारीख लिहावी. तुर्की बाजारातील खरेदीदाराने गोठणबिंदू तपासला, तसा आजच्या ग्राहकाने नावाचा आणि तारखेचा कागद तपासावा. गुलाबाची भूल तेव्हा ज्या नाकाला पडली, त्याच नाकावर आजही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.