महाड-पोलादपूर परिसरातील सर्प : शरीरलक्षणे आणि ओळखीचा इतिहास

सर्पांविषयीच्या ज्ञानाचा इतिहास हा मुख्यतः त्यांच्या ओळखीचा इतिहास होय. सावित्रीच्या खोऱ्यात वसलेले महाड आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे पोलादपूर हा प्रदेश त्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. खाली भातशेती, वर जांभ्याचे व कातळाचे माळ आणि त्यांपलीकडे सह्याद्रीचे दाट रान, अशा तीन भिन्न अधिवासांमुळे येथील सर्पसृष्टीत मोठे वैविध्य आढळते.

एकोणिसाव्या शतकातील राज्यकर्त्यांनी सर्पांकडे पाहिले ते संख्येच्या दृष्टीने. लगतच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणारास सरकारी इनाम मिळत असे. १८६२ च्या डिसेंबरात तर अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी जमा झाली. या मोहिमेने फुरशाचे विलक्षण वैपुल्य सिद्ध झाले. परंतु दंश झालेल्या मनुष्यास तिचा काय उपयोग, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

शास्त्रीय वर्गीकरणाचा प्रवाह याच्या पूर्वीपासून वाहत होता. लिनियसने १७५८ मध्ये उदराचे व शेपटीखालचे खवले मोजण्याची पद्धती रूढ केली. पॅट्रिक रसेल यांच्या १७९६ मधील ग्रंथाने भारतीय सर्पांचे पद्धतशीर वर्णन प्रथमच उपलब्ध करून दिले. तथापि केवळ खवल्यांच्या संख्येवरून विषारी-बिनविषारी हा भेद सुटत नाही. तो सुटतो खवल्यांच्या आकारावरून व मांडणीवरून. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक वॉल यांनी या लक्षणांना व्यवहारोपयोगी रूप दिले आणि माल्कम स्मिथ यांच्या १९४३ मधील ग्रंथात त्यांची व्यवस्थित मांडणी झाली.

त्या लक्षणांनुसार, नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला नाकपुडीच्या खवल्यास व डोळ्यास, अशा दोहोंस भिडतो. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले षट्‌कोनी व इतरांहून मोठे असतात. घोणसीच्या डोक्यावर मोठे खवले नसून बारीक खवल्यांचेच आच्छादन असते व पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी दिसतात. फुरशाच्या कुशीवरील खवल्यांचे कंगोरे करवतीसारखे असल्याने, वेटोळे एकमेकांवर घासून ते खरखर असा आवाज करते.

सूक्ष्म लक्षणांचे महत्त्व पटते ते साम्याच्या उदाहरणांवरून. बिनविषारी कवड्या साप मण्यार समजून मारला जातो. वास्तविक कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे याच्या उलट. डुरक्या घोणस ही अशाच गैरसमजुतीने घोणस म्हणून मारली जाते. धामण, दिवड, नानेटी या शेतकऱ्याच्या नित्य परिचयाच्या जातींनाही हा भोग चुकत नाही.

घाट चढू लागताच शरीररचना बदलते. हिरव्या चापड्याच्या डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता जाणणारी खाच असते. खापरखवल्यांचे डोके निमुळते, तर शेपूट बोथट व खरखरीत असते. माती पोखरून राहणाऱ्या प्राण्यास ही रचना साहजिकच सोयीची आहे. पोलादपूरच्या माथ्यावरील महाबळेश्वर येथून चारी यांनी १९५५ मध्ये खापरखवल्याची एक नवी उपजात वर्णिली, ही गोष्ट या पट्ट्यातील संशोधन किती अपुरे होते याची द्योतक आहे.

या ज्ञानाची खरी कसोटी रुग्णाच्या खाटेशी लागते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या विंचूदंशविषयक संशोधनाने हा भाग जगाच्या वैद्यकीय नकाशावर आला. पुढे पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाचे स्वरूपही डॉ. बावस्कर दांपत्याने २००२ मध्ये मांडले. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करते. दंशाची वेदना बहुधा जाणवत नाही, खूण दिसत नाही आणि साप तर केव्हाच नाहीसा झालेला असतो. अशा वेळी खवले पाहावयाचे कोणाचे? पापण्या मिटू लागणे, पोटात कळा येणे, गिळता न येणे, हीच ओळखीची साधने उरतात. घोणस व फुरसे यांच्या दंशात सूज आणि न गोठणारे रक्त हीच साक्ष ठरते.

ओळखीचे स्थान अशा रीतीने सर्पाच्या देहावरून रुग्णाच्या देहाकडे सरकले. साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज त्यामुळे उरली नाही. उलट त्यात वेळ दवडला जातो व दुसऱ्या दंशाचा धोका संभवतो. मात्र याने शरीरलक्षणांचा अभ्यास निरुपयोगी ठरत नाही. भारतातील प्रचलित प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याच विषांपासून सिद्ध होते. चापड्याचा त्यात समावेश नाही. कोणत्या भागात कोणती जाती राहते हे निश्चित कळल्यावाचून औषधाची ही उणीव भरून निघणार नाही. एका लाखावर फुरशी मोजूनही जे साधले नाही, ते एकेका सर्पाची नीट ओळख पटविल्यानेच साधणार आहे.