शिष्यवृत्तीची परीक्षा व परीक्षार्थ्याची स्थिति

जोतीराव फुले यांनीं हंटर शिक्षण आयोगास ता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं सादर केलेलें इंग्रजी निवेदन संशोधकांस अपरिचित नाहीं. आयोगाच्या मुंबई प्रांताच्या खंडांत तें १८८४ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीकरितां त्याचा उल्लेख नेहमीं होतो. परंतु त्यांतील सरकारी शिष्यवृत्त्यांविषयींचा लहानसा मजकूर आमच्या मतें तितकाच महत्त्वाचा आहे.

फुल्यांचा आक्षेप असा कीं, ज्या वर्गांस विद्येची गोडी आधींच लागली आहे त्यांच्याच पदरीं ह्या शिष्यवृत्त्या पडतात. सबब त्यांपैकीं कांहीं, जेथें शिक्षणाची प्रगति झाली नाहीं अशा वर्गांस द्याव्या.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्याजोगी आहे. चढाओढीची पद्धति तत्त्वतः न्याय्य आहे, हें ते उघड मान्य करितात. परीक्षकांवर पक्षपाताचा आरोप ते ह्या ठिकाणीं करीत नाहींत, व चढाओढ अजीबात बंद करा असेंही म्हणत नाहींत. पद्धति सचोटीनें चालविली तरी तिनें विद्येचा प्रसार इतर वर्गांत होत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें. ह्याचें कारण त्याच निवेदनांत अन्यत्र सांपडतें : कुणब्याचें पोर दारिद्र्यामुळें व गुरें राखण्याच्या आणि शेताच्या कामामुळें शाळेपासून दूर राहतें. जें शाळेंतच टिकत नाहीं, तें परीक्षेस कोठून बसणार ?

पुण्याची संस्कृत पाठशाळा १८२१ सालीं ब्राह्मणांकरितां निघाली. १८५१ सालीं पुणें कॉलेजाचें द्वार सर्व जातींस मोकळें झालें. द्वार उघडणें व द्वारापर्यंत पोंचतां येणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा भेद फुल्यांनीं अचूक हेरला.

सदर मजकुरांत त्यांनीं एकाही जातीचें नांव घेतलेलें नाहीं. शिक्षणाचा प्रसार हेंच माप धरिलें आहे. १९५१ च्या घटनादुरुस्तीनें सामाजिक व शैक्षणिक मागासलेपण हें माप घेतलें. २०१९ च्या दुरुस्तीनें इतर वर्गांकरितां आर्थिक दुर्बलता हें निराळें माप जोडिलें. मापाविषयींचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

फुल्यांचें विधान पारखण्यास साधन एकच : तत्कालीन शाळांचीं दप्तरें. ज्यांत विद्यार्थ्याची जात, बापाचा धंदा व शिष्यवृत्तीची नोंद असेल अशीं पुस्तकें कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत, अशी आमची विनंति आहे. जुन्या सनदांइतकीच त्यांची योग्यता आहे.